धरणाच्या काठचा पिवळा पट्टा

नाशिकचं निसर्गचित्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रामकुंड येतं. घाटाच्या पायऱ्या, नारोशंकराचं देऊळ, काठावर सुकत घातलेली धोतरं आणि लुगडी, पाण्यात सोडलेले द्रोण. याच घाटानं शहराला चित्रकार दिले. वा. गो. कुलकर्णी यांच्या नावाशी जोडलेल्या नाशिक कलानिकेतनच्या चित्रकला महाविद्यालयातली मुलं बोर्ड मांडीवर घेऊन इथे बसत आली. दिवंगत शिवाजी तुपे यांनी गोदेचे घाट आणि गावठाणातले वाडे जलरंगात आणले. आज प्रफुल्ल आणि राजेश सावंत या बंधूंच्या जलरंगांमुळे नाशिकचं ऊन देशाबाहेरच्या रसिकांनाही ओळखीचं झालं आहे.

या शहराच्या पश्चिमेला मात्र आणखी एक प्रदेश आहे, डोंगर आणि पाण्याचा. गंगापूर धरणाच्या भिंतीपासून त्र्यंबकमार्गे वैतरणेच्या जलाशयापर्यंतचा. हौशी लोक तिथे मोबाइलवर फोटो काढतात, रंगाची पेटी घेऊन फार थोडे जातात. मला शाळेत चित्रकला शिकवणारे सर त्या थोड्यांपैकी एक. निवृत्त झाल्यापासून ते महिन्यातून एकदा तरी तिकडे जातात आणि ठरावीक जागांवर बसून तेच डोंगर, तेच पाणी रंगवतात. शिवरात्र होऊन गेली होती, फाल्गुन लागला होता, त्यांनी फोन करून विचारलं, "येतेस का? पाणी आता बोलायला लागलंय."

या वेळी का, पावसाळ्यात का नाही, हे मी विचारलं नाही. पावसाळ्यात तिकडे सगळेच जातात.

गंगापूर धरण शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास. १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, जवळपास चार किलोमीटर लांबीचं. शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः इथलं. त्याच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं नंतर झाली. भिंत मागे टाकून गंगावऱ्ह्याच्या बाजूनं आपण पाण्याच्या कडेला आलो, की समोर नैऋत्येला अंजनेरीचा डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे ब्रह्मगिरी. सकाळी सातच्या सुमाराला त्या डोंगरांना कडा नसतात. पाण्यावरचा धुरकट गारवा आणि डोंगराची निळसर राखाडी छटा एकमेकांत मिसळलेली असते. सरांनी स्टूल उघडलं, बाटलीतलं पाणी दोन डब्यांत ओतलं आणि अगदी पहिल्यांदा काढलं ते डोंगर नव्हे, आकाशही नव्हे. त्यांनी पेन्सिलीनं एक आडवी, थोडी वाकडीतिकडी रेघ मारली आणि तिच्याखाली दुसरी. दोन रेघांमध्ये बोटभर जागा.

ती जागा म्हणजे पट्टा. सप्टेंबरात धरण भरतं तेव्हा पाणी जिथवर चढतं आणि आज जिथे आहे, त्या दोन्हींमधली उघडी पडलेली जमीन. वरच्या बाजूला झुडपं आणि गवत, खालच्या बाजूला पाणी, मध्ये ना गवत ना झाड. नुसती फिकट पिवळी, मधूनच लालसर, भेगाळलेली माती. बादलीतलं पाणी उतरल्यावर आत जशी खूण राहते तशी ही खूण जलाशयाला चहूबाजूंनी वेढून असते. फोटो काढणारे ती चौकटीबाहेर ठेवतात. चित्रं विकायला बसणारे तिच्या जागी हिरवळ काढतात.

"मी पण पूर्वी हिरवळच काढायचो," सर म्हणाले. "चित्र गोड दिसायचं. पण मग ते धरण राहायचं नाही, कुठलं तरी तळं व्हायचं."

डोंगर आणि सरोवर हा चित्राचा विषय युरोपनं फार गाजवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज धर्मोपदेशक विल्यम गिल्पिन यानं प्रवास करताना निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा यावर पुस्तकं लिहिली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागावरचं त्याचं पुस्तक १७८९ चं. पुढे वॉल्टर स्कॉटच्या काव्यांनी तिथल्या सरोवरांना, तिकडच्या भाषेत लॉखना, अशी प्रसिद्धी दिली की वाचक गाड्या करून ती बघायला निघाले. स्कॉटच्या कवितांसाठी चित्रं काढायची म्हणून इंग्रज चित्रकार टर्नर १८३१ साली स्काय बेटावरच्या कोरुस्क सरोवरापर्यंत पोचला आणि तिथले कातळ त्यानं जलरंगात असे फिरवले की डोंगर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळू नये. होरॅशिओ मॅककलक हा स्कॉटिश चित्रकार तर आयुष्यभर हेच डोंगर आणि हीच सरोवरं रंगवत राहिला. त्याचं कॅट्रिन सरोवराचं चित्र १८६६ चं. बेन व्हेन्यूचा डोंगर, झाडी, शांत पाणी.

याच कॅट्रिन सरोवराचं पाणी त्याआधी सात वर्षं, १८५९ पासून, ग्लासगो शहराला जात होतं. राणी व्हिक्टोरियानं स्वतः येऊन ती योजना सुरू केली होती, आणि त्यासाठी सरोवराची पातळी बांध घालून वाढवलेली होती. म्हणजे निसर्गाचं म्हणून जगभर गाजलेलं ते पाणी तेव्हाच अर्धंमुर्धं धरणाचं झालं होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शहराची तहान आणि चित्रकाराची ओढ एकाच पाण्यावर येऊन थांबतात, हे तिकडेही झालं आणि इकडेही. फरक एवढाच की तिथली सरोवरं मुळात हिमनद्यांनी कोरलेली. हिमयुग ओसरलं, बर्फ वितळलं, खोल दऱ्यांत पाणी राहिलं. आपल्या सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या. इथे पडलेलं पाणी नद्यांतून वाहून जातं, साठत नाही. महाराष्ट्रात नाव घेण्यासारखं मोठं नैसर्गिक सरोवर म्हणजे लोणार, आणि तेही उल्केच्या आघातानं झालेलं. बाकी आपण ज्याला तलाव म्हणून बघायला जातो ते बहुतेक सगळं माणसानं अडवलेलं पाणी आहे.

आणि या दोन मुलखांमध्ये एक जुना धागाही आहे. जेम्स वेल्स हा पीटरहेडचा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. पुण्याला पेशव्यांच्या दरबारात त्यानं सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली, वेरूळची लेणी रेखाटली, आणि १७९५ मध्ये भारतातच वारला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात निघालेल्या चित्रशाळेत वेल्सच्या हाताखाली शिकलेला गंगाराम तांबट हा मराठी माणूस पुढे लेण्यांची आणि डोंगरांची रेखाटनं करू लागला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं १८५७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या कारागिराच्या घरातला मुलगा समोरचा कातळ जसा दिसतो तसा कागदावर उतरवत होता, ही गोष्ट आपल्या चित्रकलेच्या इतिहासात अजून ठळकपणे यायला हवी.

अंजनेरीच्या पायथ्याला आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला पळस फुलला होता, एका काटेसावरीवर साळुंक्यांचा गलका चालू होता. अंजनेरी सुमारे ४२०० फूट उंच. इथे हनुमानाचा जन्म झाला असं लोक मानतात, वर अंजनीमातेचं देऊळ आहे, त्यामुळे वाट कायम वाहती. २०१७ साली हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र झाला. त्यामागे एक नाजूक वनस्पतीही आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, जिच्या नावातच या डोंगराचं नाव आहे.

सर मात्र वर गेले नाहीत. त्यांना डोंगर खालून हवा होता. शाळेत असताना आमच्या वर्गातली सगळी मुलं एकच चित्र काढायची: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, बाजूला कौलारू घर आणि नारळाचं झाड. सरांनी त्या चित्रातला फक्त एक त्रिकोण खोडला होता. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं होतं, यातला एक तरी त्रिकोणी आहे का, सांगा.

सह्याद्रीत त्रिकोण कमी, सपाट माथे जास्त. त्याला कारण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर चढवत. दख्खनचं हे काळ्या दगडाचं पठार आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. दोन थरांच्या मधल्या काळात माती तयार व्हायला वेळ मिळाला तिथे पुढच्या लाव्ह्यानं ती भाजली आणि तिचा लाल पट्टा झाला. पावसापुढे घट्ट थर उभा राहतो, मऊ थर झिजतो. म्हणून कडा उभा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, असे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते हिरवे, गुलाबी, पांढरे झुबके पाहिले की काळ्या दगडाच्या पोटात एवढे रंग असतील यावर विश्वास बसत नाही.

चित्रकाराला या माहितीचा थेट उपयोग आहे. थर आडवे आहेत हे एकदा लक्षात आलं, की दहा मैलांवरच्या दोन वेगवेगळ्या डोंगरांवर तीच रेघ त्याच उंचीवर सापडते. ती पकडली की लांबची रांग आपोआप मागे सरते आणि जवळची पुढे येते. सरांच्या पेटीत काळा रंग नाही. ते अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळतात. निळा जास्त झाला तर दूरचा डोंगर, तपकिरी जास्त झाला तर जवळचा कातळ. लाल पट्ट्यासाठी थोडा लाइट रेड. कड्यावरची उन्हाची बाजू ते रंगवत नाहीतच, तिथे कागद कोरा सोडतात. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. जो भाग सोडायचा तो आधी ठरवावा लागतो, नंतर मिळत नाही.

फाल्गुनात त्यांना आणखी एक अडचण असते. वॉश मारताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रश पोचायच्या आत कागद वाळतो आणि मध्येच कडक रेघ उमटते. म्हणून ते कागद आधी मागून-पुढून ओला करतात. ऑगस्टमध्ये याच जागी उलटा त्रास. हवेतच इतकं पाणी असतं की आकाश तासभर वाळत नाही, वरून रंगवलेला डोंगर ढगात वाहून जातो. काही वेळा तो वाहून गेलेला डोंगरच खरा वाटतो, आणि ते तो तसाच ठेवतात. त्यांच्या सप्टेंबरच्या पानांवर अंजनेरीच्या सड्यावरची सोनकी आहे, नुसता पिवळ्याचा पातळ थर, त्यात फुलाचा आकार कुठेच नाही. लांबून ती तशीच दिसते.

त्र्यंबकेश्वरला आम्ही चहापुरते थांबलो. देवळाविषयी, कुशावर्ताविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, त्यात मी भर घालणार नाही. एका माणसाचं नाव मात्र घ्यायला हवं. दादासाहेब फाळके यांचा जन्म याच गावातला, ३० एप्रिल १८७० चा. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते आधी चित्रकलेचे विद्यार्थी होते. १८८५ मध्ये जे. जे. मध्ये गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात ते तैलरंग आणि जलरंग शिकले. 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्येच त्यांनी आपला संसार आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. ब्रह्मगिरीच्या सावलीत वाढलेल्या, रंग हाताळलेल्या माणसाला बाहेरच्या चित्रीकरणासाठी हा मुलूख जवळचा वाटला असेल, असं मला त्या गल्लीतून चालताना वाटत राहिलं.

ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावरून दोन नद्यांचं पाणी दोन दिशांना जातं. गोदावरी पूर्वेला, सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला वळते आणि अरबी समुद्र गाठते. एकीचं पाणी वाटेत नाशिक पितं, दुसरीचं मुंबई. पेगलवाडीहून पहिन्याच्या बारीत शिरलं की हा फरक डोळ्यांना कळतो. बारी ओलांडेपर्यंत द्राक्षबागा आणि हॉटेलं मागे पडतात, भातखाचरं सुरू होतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, धबधब्यांखाली झुंबड असते, पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागतो. आता रस्ता मोकळा होता. खाचरांत कापलेल्या भाताचे खुंट, बांधावर आंब्याचा मोहर, आणि डाव्या-उजव्या अंगाला उतारांवर वाळलेलं गवत. ते गवत म्हणजे यलो ऑकरची जागा, असं सर म्हणतात. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हा रंग नावानं ठाऊक असतो. त्याच्या पुडीतला तो रंग इथे डोंगरभर पसरलेला असतो.

ऊर्ध्व वैतरणा धरण १९७३ चं, इगतपुरी तालुक्यातलं. मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांपैकी हा एक आणि वीजनिर्मितीही त्यावर होते. गंगापूरपेक्षा हा कितीतरी एकांतातला. उत्तरेला हरिहर आणि ब्रह्मगिरीची रांग, दक्षिणेला दूरवर कळसूबाईची, १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर तिच्यात. पाणी दोन्हींच्या मध्ये असं पसरलं आहे की त्याचे फाटे टेकड्यांच्या कुशीत शिरतात. स्कॉटलंडची चित्रं पाहून ज्यांच्या मनात अशा जागेची ओढ बसली असेल त्यांनी इथे यावं. तिथल्यासारखंच निळं-करडं पाणी, तिथल्यासारखेच एकामागून एक मागे सरणारे डोंगर. आणि मग खाली बघावं, पट्ट्याकडे.

इथला पट्टा रुंद आहे. आम्ही त्यावरून बराच वेळ चाललो. काठाकडे मोठे दगड, मग बारीक मुरूम, मग भेगाळलेला गाळ, मग पाय रुतेल अशी ओली माती. ओल्या भागात कुणीतरी वाफे पाडले होते. पाणी मागे सरकलं की काठचे शेतकरी उघड्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. जमीन धरणाची, पीक त्यांचं, आणि मुदत पावसापर्यंत. एक आजी कोथिंबिरीच्या वाफ्यात बसल्या होत्या. सर त्यांना ओळखत होते.

"काय हो मास्तर, आज मागं बसणार का इथं?"

"इथंच बसतो. पाणी कुठवर होतं ओ पोळ्याला?"

आजींनी उठून वर, झाडांच्या मुळांकडे हात केला. "तिथवर. आणि आमच्या सासऱ्याचं शेत पार तिकडं, मधी," असं म्हणत त्यांनी पाण्याच्या मध्यभागाकडे बघितलं. सरांनी पेन्सिलीनं त्या दिशेला एक बारीक खूण केली.

दुपार टळल्यावर वारा सुटला आणि पाण्यातली प्रतिबिंबं मोडली. मला वाटलं आता चित्र बिघडलं. पण सर खूश झाले. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नसते, हे त्यांनी मला तिथे दाखवलं. गडद डोंगर पाण्यात जरा फिका होतो, उजळ आकाश पाण्यात जरा गडद होतं. दोन्ही एकमेकांकडे सरकतात. वारा आला की उभ्या रेघा नाहीशा होतात, आडव्या तुटक रेघा राहतात आणि मधूनमधून आकाशाचे तुकडे दिसतात. त्यांनी ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावरून आडवा ओढला. कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर रंग अडखळत गेला आणि पाणी चकाकलं. दोघे मच्छीमार ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायला निघाले होते, त्यांच्यासाठी दोन ठिपके. मग पट्टा. पट्ट्यासाठी ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. पिवळा, त्यावर ओला असतानाच गुलाबीसर मातकट, वाळल्यावर भेगांच्या बारीक रेघा, आजींचे वाफे हिरव्याचा एक पुसट आडवा ठिपका. डोंगर वीस मिनिटांत झाले होते, पट्ट्याला तासाहून जास्त लागला.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाचा तलाव पुन्हा पुन्हा रंगवत, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात. १९३१ साली ते गेले. सेझाननं फ्रान्समधला सेंत-व्हिक्तोआर डोंगर म्हातारपणापर्यंत सोडला नाही. एकाच जागेकडे परत परत जाणारे चित्रकार नेहमीच होते. त्यांना बहुधा उजेड बदललेला हवा असतो. नाशिकच्या या पाण्याची मात्र उजेडासोबत पातळीही बदलते, आणि ती नुसती उन्हानं आटून बदलत नाही. शहराची पाणीपुरवठा योजना, शेतीची आवर्तनं, सिंहस्थात रामकुंडासाठी सोडलं जाणारं पाणी. आणि गोदावरीच्या खालच्या अंगाचं जायकवाडी धरण. २००५ च्या कायद्यानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतलं पाणी खालच्या खोऱ्यात समन्यायी पद्धतीनं सोडावं लागतं, आणि गंगापूर-दारणेतून मराठवाड्याकडे पाणी निघालं की नाशिकमध्ये मोर्चे निघतात. गंगापूरच्या काठावर बसणाऱ्या चित्रकाराच्या कागदावर पट्टा बोटभर वाढतो तेव्हा त्यात हे सगळं असतं. मुंबईच्या नळाला पाणी आलं की वैतरणेचा पट्टा वाढतो. नाशिकच्या निसर्गचित्रात पट्टा काढणं म्हणजे वाद घालणं नाही. पण तो न काढणं म्हणजे धरणाच्या काठावर राहणाऱ्यांना चित्रातून उठवणं, असं मला त्या दुपारी ठामपणे वाटलं.

परतताना एका पाड्यावर थांबलो. एका घराच्या कुडाला गेरू सारवलेला होता आणि त्यावर तांदळाच्या पिठानं चौक काढलेला. या भागात वारली, ठाकर, महादेव कोळी यांची वस्ती आहे. जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगाला दाखवली. त्या परंपरेतही डोंगर आहेत, नदी आहे, मासे आहेत, पण क्षितिज नाही. दूरचं लहान आणि जवळचं मोठं असा हिशेब नाही. सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर, आणि डोंगरावर माणसं चढत असलेली. सर त्या कुडापुढे बराच वेळ उभे होते. त्यांच्या पेटीतला लाइट रेड आणि तो गेरू, दोन्ही लोहानं लाल झालेल्या मातीचेच रंग.

पश्चिमेचं पाणी बघून झाल्यावर पूर्वेलाही जाता येतं. इगतपुरीजवळचं दारणा धरण १९१६ चं, त्यामुळे त्याच्या काठची झाडं आता पाण्याला सरावलेली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा बंधाराही ब्रिटिश काळातलाच. तिथे गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. तिथे डोंगर नाहीत, नुसता सपाट आडवा प्रदेश आणि आभाळ. सरांना ते रंगवायला अवघड जातं. शेजारच्या जिल्ह्यातलं भंडारदरा, १९२६ चं विल्सन धरण, सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे चित्रं काढणारे आधीच खूप आहेत.

कुणाला जायचं असेल तर माझा सल्ला दोनदा जाण्याचा आहे. एकदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, धरण काठोकाठ भरलेलं आणि पट्टा पूर्ण बुडालेला असताना. आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. नाशिकहून पहाटे निघावं, त्र्यंबकला न थांबता पहिन्याच्या बारीतून वैतरणेकडे उतरावं, उन्हाच्या आत तिथे बसावं. परतीला घोटी, मग मुंबई-आग्रा महामार्ग. पाणी प्यायला बरोबर न्यावं, काठाला दुकान नाही. गाळपेरीत पाय टाकू नये, वाफ्यांच्या बांधावरून चालावं, आणि जवळ कुणी असेल तर त्यांना विचारून बसावं.

सर मेमध्ये पुन्हा जाणार आहेत. आजींनी त्यांना सांगितलं आहे की पाणी फार खाली गेलं तर जुन्या वस्तीची जोती आणि एक विहीर उघडी पडते, सासऱ्यांच्या शेताच्या बांधाला लागूनच. त्यासाठी सरांनी ३०० जीएसएमच्या कागदाचा पूर्ण ताव बाजूला काढून ठेवला आहे.